डावीकडची सीट

धरणाचं पाणी वाढलं आणि शेताकडचा रस्ता बुडाला. घर या काठावर, शेत त्या काठावर. नवरा होता तोवर आम्ही जुन्या पेट्रोल व्हॅनने लांबचा वळसा घालून जायचो. तो चालवायचा, मी डावीकडे मांडीवर डबा धरून बसायचे. तो गेल्यावर व्हॅन दोन वर्षं अंगणात उभी राहिली. पत्रा गंजून तळाला भोकं पडली, इंजिन मात्र ठणठणीत.

शेतात जायला मग एका मासेमाराच्या नावेची वाट बघायची. तो निघाला तर मी निघायचे, नाहीतर काठावर बसून परत. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, विकून टाक ती जमीन. एकटी किती दिवस करशील?" मी म्हटलं, दिवाळीपर्यंत माझी मी जाऊन-येऊन दाखवते, नाही जमलं तर विक.

जुनी पत्र्याची नाव मिळाली. बीबी गावच्या मिस्त्रीला व्हॅन दाखवली आणि विचारलं, हे इंजिन नावेत बसेल का?

"इंजनाले काय समजते बाई, खाली सडक हाय का पाणी!"

त्याने रेडिएटर काढून फेकला. "एवढं पाणी हाय, अन् डब्यात पाणी कायले न्यायचं?" धरणातलंच पाणी नळीने आत घेऊन, इंजिन थंड करून, बाहेर सोडायची सोय केली. नळीच्या तोंडाला शेवाळ अडेल म्हणून मी जाळी लावायला लावली. गिअर तेच ठेवले, चाकांकडे जाणारा दांडा मागे पाण्यातल्या पंख्याला जोडला. इंजिनावर झाकण बसवलं. पेट्रोलची वाफ तळाशी साचते, म्हणून आधी झाकण उघडायचं, वास घ्यायचा, मगच चावी फिरवायची, हे त्याने माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं.

नाव तयार झाली तेव्हा तिच्यात व्हॅनच्या पुढच्या दोन्ही सीट होत्या. स्टेअरिंग उजवीकडे.

"मिस्त्री, दुसरी कशाला?"

"गाडीत दोन शिटा असतेच ना. अन् स्टेअरिंग तं इकडंच असते."

मलाही त्यात काही चूक दिसली नाही. लाईफ जॅकेट घातलं आणि निघाले. इंजिन झकास चाललं, नाव मात्र उजवीकडे कलली. वीस हात गेले नाही तोच कडेवरून पाणी आत यायला लागलं. मिस्त्री काठावरून ओरडला, "बाई, बाजूच्या शिटवर वजन पायजे!"

"कोणाचं?" मी विचारलं.

त्याने पायाखालच्या रेतीकडे बघितलं. मग म्हणाला, "रेतीचं पोतं ठेवू."

आठ दिवस मी ते पोतं पलीकडे नेलं आणि परत आणलं. मुलाने फोनवर विचारलं, "सोबत कोण असतं?" मी म्हटलं, "पोतं." तो हसला नाही. नवव्या दिवशी वळण घेताना पोतं घसरलं, नाव गपकन डुलली आणि मी अर्धी भिजले. काठावर आले ती पाना घेऊनच बसले. दोन्ही सीटचे बोल्ट काढले. मिस्त्रीला बोलावून स्टेअरिंग आणि एकच सीट मधोमध घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, "मंग दुसरं कोणी आलं तं बसंल कुठं?" मी म्हटलं, कोण येणार आहे?

नाव आता सरळ चालते. दिवाळी होऊन गेली, जमीन आहे. डावीकडची सीट ओसरीत पडून आहे, तिच्यावर मांजर झोपतं.

पलीकडच्या काठाला इंजिन बंद केलं की एकदम शांत होतं. व्हॅनचं इंजिन बंद झालं की नवरा विचारायचा, "डबा घेतला ना?" डबा आता मी मांडीवर धरत नाही. पायाशी मधोमध ठेवते. तोल बरा राहतो.