भिंतीवरची सांडशी

नातवंडांनो, जपानी लोक जगण्याच्या कारणाला इकिगाई म्हणतात, तुझं काय, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. आज कोलार रोडच्या या घरात रंगकाम सुरू झालं आणि ऑइलपेंटच्या वासाने मी कारखान्याच्या जुन्या क्वार्टरमध्ये पोचले.

तुमचे आजोबा कारखान्यातून जपानी शिस्तीचं ट्रेनिंग घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर ऑइलपेंटने झारा, सांडशी, किसणी यांच्या निळ्या आकृत्या काढून बसले. जी वस्तू, ती तिच्याच आकृतीवर टांगायची. "हे काय वर्कशॉप आहे?" मी हसले होते.

ते अचानक गेले. तेराव्यानंतर मी नुसती बसून असायचे. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. एका दुपारी शेजारच्या मिश्रा भाभींनी येऊन चहा केला आणि सांडशी झाऱ्याच्या जागी टांगली. मी तिकडे बोट दाखवलं.

"भाभी, वो वहाँ नहीं."

"तो आप ही टाँग लो! आपकी ये फैक्ट्री मेरे पल्ले नहीं पड़ती."

मी उठले, सांडशी जागेवर लावली. उभीच होते, म्हणून कुकरही लावला. मन तसंच बधिर होतं. तेव्हा त्यात मला काहीच विशेष वाटलं नाही. आता वाटतं, मी परत उठले ती त्याच दुपारी.

जगण्याचं कारण मला आजही सांगता येत नाही. पण एकटी असले तरी रोज ताजा वरणभात करते आणि ताट वाढून जेवते. तेवढं टिकलं आहे.