ऊन वर येईपर्यंत दार बंद

बेबीताईच्या नाकाचा घाटंजीच्या आजूबाजूच्या गावांत मोठा धाक होता. तुरीच्या ओळीत पुरलेली दारूची कॅन ती नुसत्या वासावरून काढून द्यायची. ठाणेदार गमतीनं म्हणायचा, आमच्या कुत्र्यापेक्षा ताई बरी, तिला भाकरही घालावी लागत नाही. ताई हसायची, पण पदर खोचलेलाच असायचा. गावातल्या बायका गोळा करून तिनं दोन भट्ट्या फोडल्या होत्या. दारू मात्र बंद झाली नव्हती. ती शेजारच्या गावातून मोटरसायकलवर यायला लागली, एवढाच काय तो फरक पडला.

मग ताईनं नियम केला. दारू थांबवता येत नसेल तर मार तरी थांबवू. नवरा पिऊन आला की त्याच्याजवळ जायचं नाही, त्याच्या तोंडी लागायचं नाही. आतून कडी लावायची आणि ऊन वर येईपर्यंत दार उघडायचं नाही. रडला, शिव्या दिल्या, लेकराची आण घातली, तरी नाही. नियम साधा होता आणि चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याला नावं ठेवणारे पुष्कळ निघाले. ज्यांच्या बायकोचं डोकं कधी भिंतीवर आपटलं नाही, त्यांना नावं ठेवायला काय जातं? त्या कडीनं गावातल्या कितीतरी बायकांची हाडं शाबूत ठेवली.

शेजारची सुखीबाई त्यातलीच. तिचा नवरा प्यायला की हातात येईल ते वापरायचा. पण सुखीबाईचं मन मऊ. पुढची गोष्ट घडली त्याच पंधरवड्यात तिनं एकदा मध्येच दार उघडलं, आणि सकाळी सुजलेला डोळा घेऊन ती ताईकडं आली. ताईनं तिला चार बायकांत झापलं. "आज तुले दया आली, उद्या समद्याईले येईन. मंग नियम कायले केला आपण? माह्या घरचा आला असता, तरी मी कडी काढली नसती." हे वाक्य तिनं जोरात म्हटलं होतं. साऱ्या आळीनं ऐकलं होतं.

ताईच्या घरचा म्हणजे उकंडा. आधीची भावंडं वाचली नाहीत, म्हणून आईनं याला उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणला होता आणि नाव उकंडा ठेवलं होतं, की मरणानं त्याच्याकडं पाहूच नये. तोही एके काळी प्यायचा, आणि हात उचलायचा. मग लेक खुशी मोठी व्हायला लागली तेव्हा ताईनं त्याला कळंबला नेलं, चिंतामणी गणपतीसमोर उभं केलं, आणि त्यानं सोडली. खरंच सोडली. त्याला आता बरीच वर्षं झाली होती, खुशी नांदायला गेली होती. पण ज्या बाईनं मार खाल्लाय, तिच्या मनात एक खोली कायमची बंद राहते. उकंडाला घरी यायला उशीर झाला की ताई अजूनही आधी त्याच्या पायांकडं बघायची, ते सरळ पडतात की नाही.

डिसेंबरातली गोष्ट. उकंडाच्या वावरात गहू होता, आणि त्या आठवड्यात मोटरीला लाईन रात्रीची होती. दिवसा वीज का मिळत नाही, हे विचारून विचारून लोकांची तोंडं दुखली. ज्यांनी उत्तर द्यायचं ते रात्री पांघरुणात असतात. तर उकंडा जेवण न करताच भुऱ्याला घेऊन वावरात गेला. भुऱ्या म्हणजे त्याचा कुत्रा, त्याच्या पायात पायात असायचा. थंडी अशी पडली होती की शेकोटीकडं केलेलं अंग भाजायचं आणि पाठ गारठायची. वारंही होतं.

तिथं काय झालं, ते नंतर खुणांवरून कळलं. भुऱ्या शेततळ्यात घसरला. त्या तळ्यांना खाली प्लास्टिकचा कागद असतो, शेवाळ धरलं की त्यावर ना जनावराचा पंजा ठरत, ना माणसाचा पाय. उकंडा कुत्र्यासाठी पाण्यात उतरला. कसाबसा त्याला बाहेर ढकलला, आणि मग काठाला बांधलेला दोर धरून स्वतः निघाला. दोघंही गळ्यापर्यंत ओले. शहाण्यानं तेव्हाच घर गाठलं असतं. पण लाईन चालू होती, पाणी चालू होतं, निम्मा गहू राहिला होता. शेतकऱ्याला आपल्या अंगापेक्षा वाफा आधी दिसतो. तो तसाच ओल्या कपड्यांनी, वाऱ्यात, चिखलात पाणी देत राहिला. आधी कुडकुडला असेल. मग कुडकुडणं थांबलं असेल, आणि त्याला वाटलं असेल, चला, थंडीची सवय झाली. तिथंच माणूस फसतो. कुडकुडणं थांबतं, कारण अंग हरतं.

उजाडता उजाडता तो गावात आला तो झोकांड्या खात. बायका सडा टाकत होत्या. त्यांनी पाहिलं, ताईचा नवरा भिंतीला धरून चालतोय, जीभ जड, पाय एकीकडं आणि तो दुसरीकडं. काही विचारलं तर भलतंच बोलतोय. कपडे चिखलानं भरलेले. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी हसलंच. ताईच्या घरचा पिऊन आला, ही बातमी त्याच्या आधी दारात पोचली.

तो प्यायला नव्हता. पाण्याशिवाय त्याच्या पोटात काही नव्हतं. पण दारू आणि गारठा माणसाची सारखीच दशा करतात, आणि या गावानं आयुष्यभर एकच दशा पाहिलेली, तिला एकच नाव ठेवलेलं.

ताईनं दाराच्या फटीतून पाहिलं. तिनं पाय पाहिले. पाय सरळ पडत नव्हते. बस. तिच्या छातीत जे पेटलं ते आधी दुःख नव्हतं, ती लाज होती, आणि लाजेच्या मागून जुना राग. इतकी वर्षं जपलेलं एका रात्रीत पाण्यात घातलं माणसानं. तिनं कडी लावली. मागचं दार लावायला गेली, तेवढ्यात तिथून भुऱ्या आत शिरला. ओलाचिंब, लटलट कापणारा. ताईचा जीव कळवळला. मुक्या जीवाला थंडी वाजली होती, ते तिला बघताक्षणी कळलं. तिनं त्याला पोत्यानं कोरडं केलं, चुलीपाशी बारदाना टाकून त्यावर बसवलं, वर जुनी गोधडी घातली, कोमट दूध पुढं ठेवलं. जे जे करायचं असतं ते सगळं केलं, काही म्हणजे काही चुकलं नाही. फक्त ते कुत्र्याला केलं.

बाहेर उकंडा ओट्यावर बसला होता. दार वाजवायला हात उचलायचा आणि हात मध्येच पडायचा.

"बेबे, दार उघड वं," तो म्हणाला. शब्द तोंडात घोळत होते. "मले झोप येऊन राह्यली."

ताई आतून बोलली नाही. बोलायचं नाही, हाही नियमच होता. कडीवर हात ठेवून उभी होती, हे मात्र खरं. दार उघडून एक पाऊल बाहेर टाकलं असतं तर ते नाक सगळं सांगणार होतं. पण जवळ जायचं नाही, हा नियम तिनंच केलेला, आणि आळीतल्या साऱ्या बायका दारादारात उभ्या राहून आता ताई काय करते, ते बघत होत्या. त्यांच्यात सुजलेला डोळा घेऊन सुखीबाईही होती.

मग उकंडानं शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. गरम होतंय म्हणाला आणि शर्ट फेकून दिला. त्या थंडीत उघडा बसला. फार गारठलेल्या माणसाला शेवटी असंच गरम वाटतं, हे तिथं कुणाला ठाऊक असणार! लोकांच्या लेखी आता शंकाच उरली नाही. डोक्यात चढलेली उतरवायला गावात एकच औषध, पाण्याची बादली. सुखीबाईनं हौदातून ती भरून आणली. एकदा नियम मोडल्याची बोलणी खाल्ली होती, आता तिला आपलंही मन कडक आहे, हे दाखवायचं होतं.

"ताई, पाणी टाकू काय?" तिनं बाहेरून विचारलं.

आतून उत्तर आलं, "टाक."

नंतर ओट्यावर आवाज झाला नाही. ताईला वाटलं, उतरली, झोपला असेल. ती चुलीपुढं येऊन बसली. भुऱ्याचं कापणं थांबलं होतं, त्याचं अंग हाताला ऊबदार लागत होतं, आणि त्याचं तिला बरं वाटलं. हे बरं वाटणं तिला पुढं जन्मभर पुरलं.

ऊन लिंबाच्या शेंड्यावरून खाली आलं तेव्हा तिनं कडी काढली. उकंडा पोटाशी पाय घेऊन ओट्यावर पडला होता. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. श्वास असा लांब लांब, की पुढचा येतो की नाही, वाट पाहावी लागत होती. तिनं त्याच्या पोटावर हात ठेवला. माणसाचे हातपाय गार लागतात, पोट असं कधी लागत नाही. मग तिनं वाकून त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. काहीच वास आला नाही. सकाळच्या चहाचाही नाही.

त्यानंतर जी धावपळ झाली ती सगळी प्रेमानं झाली आणि सगळी चुकली. ओली पँट तशीच अंगावर, वरून चादर. चौघांनी त्याला धरून ओढत जीपमध्ये घातलं, बसता केला. दोघं हातपाय जोरजोरात चोळत होते. जीपवाल्यानं सीटखालून बाटली काढली. ताईच्या भीतीनं ती इतके दिवस तिथं लपलेली होती. "दोन घोट द्या ताई, गरमी येईन आंगात," तो म्हणाला. ताईनं ती बाटली घेतली. जिनं कॅना फोडल्या त्या बाईनं आपल्या हातानं नवऱ्याच्या ओठात दारू ओतली. निम्मी हनुवटीवरून ओघळली. घाटंजी यायच्या आधीच त्याचं सगळं संपलं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं वाकून पाहिलं, वास आला, आणि विचारलं, प्यायले होते का? ताई त्याच्या अंगावरच गेली. "नाई जी. ते पिले नव्हते. मीच पाजली. ते पिले नव्हते." हेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, जणू ते पटलं की माणूस उठून बसणार होता.

डॉक्टरनं सारं ऐकून घेतलं. मग तिला बाकावर बसवून त्यानं समजावलं की अंगातली ऊब फार उतरली की मेंदू सुन्न होतो, म्हणून जीभ अडखळते, तोल जातो, माणूस भ्रमतो. अशा माणसाला वाऱ्यातून आडोशाला न्यावं, ओले कपडे काढावे, कोरड्या पांघरुणात गुंडाळावं, डोकंही झाकावं. छातीला, काखेला ऊब द्यावी. हातपाय चोळू नयेत, धसमुसळं हलवू नये, निजलेलंच न्यावं. शुद्धीवर असेल तरच गरम गोड काहीतरी पाजावं. ताई ऐकत होती, आणि चुलीपुढचा बारदाना तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. शेवटी तिनं परत तेच म्हटलं, ते पिले नव्हते.

"मावशी," डॉक्टर म्हणाला, "प्यायले असते तरी हेच झालं असतं. उलट लवकर झालं असतं. दारूनं अंग गरम वाटतं, पण ऊब बाहेर निघून जाते."

हे वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलं. तोवर तिचा एक आधार होता, की चूक फक्त ओळखण्यात झाली. आता तोही गेला. म्हणजे तिच्या नियमापायी दारादारातल्या ओट्यांवर जे जे थंडीत पडून राहिले, ते केवळ नशिबानं उठले होते.

गावानं आपली सोय पाहिली. उकंडा पिऊन मेला, असंच लोक म्हणतात. जीपमधल्या बाटलीचा वास साऱ्यांना आठवतो, त्याच्या आधीचं कुणाला आठवत नाही. खुशी तेराव्याला आली आणि आईशी न बोलता गेली. भुऱ्या धडधाकट आहे. तो ओट्यावर त्याच जागी बसतो, आणि ताई त्याला हाकलत नाही.

ताईनं बायकांची बैठक पुन्हा घेतली. मोठ्या हिंमतीचं काम होतं ते, आणि फारशा बायका आल्याही नाहीत. तिनं सांगितलं, नियम बदला. थंडीत झोकांड्या खात कुणी आला तर आधी पोटाला हात लावा. पोट गार लागलं तर प्यालेला असो की नसो, त्याला कोरडा करा, झाका, चार माणसं बोलवा, दवाखान्यात न्या. एकीनं विचारलं, अन् झाकल्यावर त्यानं मारलं तर? ताईनं खोटं उत्तर दिलं नाही, एवढंच.

जानेवारीत एका गार सकाळी सुखीबाई आली. नवरा रात्री पिऊन, नालीत पडून, भिजून आला होता. सुखीबाईनं शेजाऱ्यांना हाका मारल्या, पण एवढ्या थंडीत कोणाचं दार उघडलं नाही. तिनं एकटीनं त्याला आत घेतला, कोरडा केला, आपली गोधडी घातली, उशाशी बसून राहिली. अंगात ऊब येताच तो उठला आणि त्यानं काठी शोधली. सुखीबाईचा गाल टम्म सुजला होता, ओठ फाटला होता.

"ताई, वाचला तो," ती म्हणाली.

ताईनं हळद गरम करून तिच्या गालाला लावली. सुखीबाई तक्रार करतेय की सांत्वन, ते ताईला कळेना. एवढंच कळलं की त्या सुजलेल्या गालाचा तिला हेवा वाटतोय.