सायमाचे हात, माझा कागद

सायमा गेली, हे तिच्या हसनचाचांनी फोन करून बाबांना सांगितलं. मला नाही. मी समोरच बसले होते. बाबा फोन कानाशी धरून फक्त "कधी?" आणि "कुठं?" एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ ऐकत राहिले. लोट्याला कंपनीत, पहिल्या पाळीला, प्रयोगशाळेत उभी असताना तिचं डोकं दुखायला लागलं, ती खाली बसली, आणि चिपळूणच्या दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव. वय एकोणतीस, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. चाचांनी मला का नाही फोन केला, हे आलं. चार वर्षं दर रविवारी तिच्याबरोबर होडीत मी बसत होते, बाबा तर काठावर असायचे… आता तिचा चाळिसावा दिवसही होऊन गेलाय. तिच्याबद्दल जो तो चांगलं बोलतो आणि ते खरंच आहे. पण तिच्याबद्दलची एक गोष्ट फक्त माझ्याकडे होती, म्हणून हे लिहितेय.

आमच्या गावाखाली वाशिष्ठी नदीला एक डोह आहे. भरती तिथवर चढते, पण खारेपणा पोचत नाही. कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं पाणी, म्हणजे अवजल, वरून येत राहतं आणि खाऱ्या पाण्याला खालीच अडवतं. त्या गोड्या पाण्याच्या तळाशी एक गलबत बसलेलं आहे. कौलं भरून चिपळूणकडे येताना बुडालं, असं जुनी माणसं सांगतात. कधी, ते कुणालाच माहीत नाही. बाबा हायस्कूलला चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी या गलबताचा ध्यास घेतला. खाऱ्या पाण्यात लाकूड किडे खातात, इथं ते अजून शाबूत आहे, तर वाळू उपसणारे पंप त्या डोहात शिरायच्या आत गलबताचा नीट नकाशा करून सरकारकडे अर्ज द्यायचा आणि तेवढी जागा राखून घ्यायची, एवढीच त्यांची इच्छा. पण खाली उतरणार कोण? मग ते खाडीकाठच्या मोहल्ल्यात हसनचाचांकडे गेले. चाचांनी उभी हयात डुबीची वाळू काढली. म्हणजे तळात बांबू रोवायचा, तो धरून दम कोंडून खाली जायचं आणि घमेलं भरून वर यायचं. चाचा म्हणाले, "माझी छाती आता भरत नाय मास्तर. पण पुतणी हाय." बाबांना वाटलं पुतण्या म्हणाले. रविवारी काठावर सायमा उभी होती. सलवारीचे पाय दोरीने बांधलेले, ओढणी कमरेला, आणि मला बघून पहिलं वाक्य, "ही पण उतरणार काय?"

मी उतरणार नव्हते. एकदा उतरून बघितलं होतं. बांबू धरून दोन हात खाली गेले, कानात काहीतरी दाबल्यासारखं झालं आणि मी वर आले. चाचा हसले नाहीत. "ऱ्हाव दे बाय, पाय तरी सोडून बस पाण्यात," एवढंच म्हणाले. त्यांच्या त्या न हसण्याचं मला जास्त लागलं. तेव्हापासून माझी जागा होडीत, मांडीवर फळी, फळीवर वही. मी चिपळूणला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढते, त्यामुळे ते काम माझ्याकडेच येणार होतं. खाली गढूळ काळोख असतो, दिसत काहीच नाही. सायमा हातांनी बघायची. गाठी मारलेली दोरी घेऊन जायची, चाचपायची, मोजायची, वर यायची, होडीची कड धरून दम खायची आणि सांगायची. "नाळेकडं चार हात. डाव्या अंगाला फासळी, जाड, माझ्या मांडीएवढी. फळीच्या सांध्यात काथ्या हाय अजून, नखानं निघतो." आणि मी लिहायची. होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ. सगळी मापं होडीच्या नाळेपासून आणि होडीच्या डाव्या-उजव्या अंगाने सांगायची, ही डुबीवाल्यांची पद्धत. बांबू होडीला लागून, तेव्हा वरच्याला खालचं कळायला दुसरा सोपा मार्ग नाही.

मला तिचा हेवा वाटायचा. हे मऊ शब्दात सांगता येत नाही. तिच्या दमाचा वाटायचा, मोठ्यानं हसण्याचा वाटायचा, चाचा तिला शिव्या द्यायचे त्याचाही वाटायचा, कारण मला ते कधी शिव्या देत नसत. मी इंग्रजी शाळेत शिकले. ती मोहल्ल्यातल्या शाळेत शिकून, पुढे केमिस्ट्री घेऊन लोट्याला लागली. "मुग्धे, तुझं मराठी म्हणजे इस्त्री केलेलं," असं म्हणायची आणि सगळी होडी हसायची, मीही हसायचे. घरी जेवताना बाबा सुरू करायचे. सायमा म्हणते गलबताचा पुढचा भाग उचलल्यासारखा आहे. सायमा म्हणते कौलं अजून थरावर थर आहेत. एकदा मी म्हटलं, "बाबा, मी पण तिथंच होते." ते म्हणाले, "हो, पण तिचा हात लागलाय त्याला." आई आमटी वाढत होती. सायमाला माझ्या हेव्याचं काही माहीत नव्हतं असं मी स्वतःला सांगत आले. बहुतेक माहीत असावं. ती वर आली की सगळ्यात आधी माझ्याकडे बघून सांगायची, बाबांकडे नाही. बाबांनी काठावरून ओरडून विचारलं तर म्हणायची, "थांबा सर, आधी कागदाला सांगू दे." कागद म्हणजे मी. मला तेव्हा तो टोमणा वाटायचा.

गेल्या वर्षी नकाशा पूर्ण झाला. मी तो तीन आठवडे बसून काढला होता आणि तो सुंदर झाला होता. पुण्याहून एक अभ्यासक आले, पाठीवर हवेची टाकी लावून स्वतः खाली उतरले. वर आल्यावर शाळेच्या वर्गात सगळ्यांना बसवून त्यांनी शांतपणे सांगितलं, की निम्मा नकाशा बरोबर आहे आणि निम्मा उलटा. फळ्या फुटून पडलेलं भगदाड आम्ही गावाच्या अंगाला दाखवलंय, प्रत्यक्षात ते पैलतीराच्या अंगाला आहे. आणखीही बरंच इकडचं तिकडे. असा कागद अर्जाला जोडता येणार नाही, पुन्हा मोजावं लागेल. मग मागच्या बाकावरून सायमा उठली. "माझ्या हातांची चूक असणार सर. खाली गेल्यावर फिरते मी कधीकधी." बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि घरी येताना, पहिल्यांदाच, मला म्हणाले, "तुझा कागद चोख होता गं. तिचे हात चुकले."

दुसऱ्या दिवशी मी कच्च्या वह्या काढून बसले. मला ते सापडायला अर्धा तासही लागला नाही. एका रविवारच्या पानावर, समासात, माझ्याच बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं होतं, होडी फिरली, आणि पुढे वेळ. मग मला आठवलं. वरचं अवजल बंद झालं होतं, भरती चढली आणि नांगरावरची होडी हळूच तोंड फिरवून उलटी झाली. सायमा वर येऊन आधी तेच म्हणाली होती, "होडी फिरली गो, लिहून घे." मी लिहून घेतलं. आणि घरी पक्का नकाशा करताना समास बघितलाच नाही. नाळ फिरली होती, तिचं डावं-उजवं फिरलं होतं, मी सगळं एकाच दिशेने उतरवत गेले. त्यानंतरचेही दोन रविवार तसेच गेले होते, आणि पुढचं सगळं मी त्यालाच जोडत गेले होते. तिन्ही ठिकाणी मी वेळ टिपली होती. तिच्या हातांची चूक नव्हती.

मी सांगायला हवं होतं. त्याच दुपारी बाबा झोपाळ्यावर होते, मोहल्ला दहा मिनिटांवर होता. मी वह्या कपाटात, शाळेच्या जुन्या पुस्तकांमागे ठेवल्या. भीती होती असं म्हणणं सोपं आहे, पण नुसती भीती नव्हती. मला बरं वाटत होतं. जेवताना सायमाचं नाव निघायचं थांबलं होतं… बाबा मला विचारू लागले होते, पुढं काय करावं, तुला काय वाटतं? आठ महिने मी ते खाल्लं. सायमा पुन्हा पहिल्या फासळीपासून मोजायला लागली, सुट्टीच्या दिवशी, पहिली पाळी संपवून आल्यावरही. वर आली की आता लगेच सांगायची नाही. पुन्हा खाली जायची, तेच माप परत घ्यायची आणि मग सांगायची, जरा हळू. एकदा दमली तेव्हा होडीच्या कडेला डोकं टेकून म्हणाली, "मुग्धे, तू उतरतीस तर बरं झालं असतं. तुझं चुकत नाय." मी वहीकडे बघितलं. निम्मं मोजून झालं होतं, तेव्हा ती गेली.

चाळिसाव्यानंतर चाचा घरी आले. म्हणाले, आता खाली जायला कुणी नाही, आणि खालच्या वळणापर्यंत पंपाच्या होड्या आल्यात. अर्जाचं सोडून द्या मास्तर. मी आत गेले, पुस्तकांमागून वह्या काढल्या आणि दोघांच्या समोर ठेवल्या. समासातली तिन्ही टिपणं दाखवली. म्हटलं, वेळा आहेत, भरतीच्या वेळाही मिळतात, जिथून होडी फिरली तिथून पुढचं उलटवलं की तिचा जुनाच नकाशा बरोबर होतो. पुन्हा मोजायची गरज नव्हती. कधीच नव्हती. चाचांना वाचता येत नाही इंग्रजी. त्यांनी बाबांना विचारलं, "काय म्हंते?" बाबांनी सांगितलं. चाचा उठले, चपला घातल्या आणि जाताना माझ्याकडे न बघता पहिल्यांदाच मला शिवी दिली. बाबांनी टेबलावरचं सगळं उचलून जागा केली. चार दिवस आम्ही एका टेबलावर नकाशा पुन्हा केला, पेन्सिल मागण्यापुरतं बोलत. पूर्ण झाल्यावर पुण्याच्या अभ्यासकांनी तेव्हा घेतलेल्या मोजक्या मापांशी ताडून बघितला. कुठे वीतभराच्या वर फरक नाही. काळोखात, दम कोंडून, नुसत्या बोटांनी. बाबा त्या भगदाडावर बोट ठेवून बसले होते, आणि मला… मला पुन्हा तिचा हेवा वाटला. अर्ज गेला आहे. नकाशाच्या कोपऱ्यात मोजणारी म्हणून तिचं नाव आहे. चूक कुणाची होती, तेही खाली लिहिलं आहे.

तिच्या अम्मीला मीच सांगायचं ठरवलं. भर दुपारी गेले. त्या स्वयंपाकघरात होत्या. "ये गो बाय, बस," म्हणून मला उंबऱ्याशीच पाट दिला. मी सगळं सांगितलं, शाळेतल्या वर्गापासून, काही न गाळता. त्या ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. हात चालूच होते, सूप, तांदळाचा डबा, मापटं. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी मापटं भरून तांदूळ सुपात ओतले. मग तेच तांदूळ सुपातून परत मापट्यात भरले, वरून हात फिरवून सारखे केले, आणि पुन्हा ओतले. मी बघत होते हे त्यांच्या लक्षात आलं.

"तिची खोड," त्या म्हणाल्या. "गेल्या सालापासनं काय पण दोनदा मापायची. म्हणायची, अम्मी, माझा हात चुकतो. मला पण लागली आता."

आणि त्या दुसरं मापटं भरायला वाकल्या.