एका वडाची अकरा झाडं

आमची कंपनीची बस वेळेवर आली असती, तर माझ्याकडे सांगायला काही उरलंच नसतं. पण नव्वदच्या दशकात नाशिक रोडहून अंबडला जाणारी पहिल्या शिफ्टची बस रोज वीस मिनिटं लेट! आम्ही सात-आठ जण वडाच्या पारावर बसून वाट बघायचो. वस्तीतल्या तीन पिढ्यांची वऱ्हाडं याच पारावर उतरलेली. अशा जागी किस्से साचतातच. पण हे आठवले की हसू कमी येतं, डोकंच जास्त फिरतं.

*

एकदा वडावर पाटी लागली, 'झाडांना इजा करणे गुन्हा आहे'. लावली कशी? लांबलचक खिळ्यांनी, थेट खोडात ठोकून!

देसलेनाना आमच्यात सगळ्यात सीनियर, मूळचे बागलाणचे. त्यांनी विचारलं, "मग हा गुन्हा कोणाच्या नावावर लिहायचा?"

"पाटी सरकारी आहे, काका," असं म्हणून पाटी ठोकणाऱ्या माणसाने पिशवीतून पुढचा खिळा काढला.

*

मग रस्तारुंदीकरण निघालं. झाडं मोजायला एक साहेब आले. पारंब्या जमिनीत रुतून चांगल्या जाडजूड झालेल्या. साहेब प्रत्येकीवर पांढऱ्या पेंटने नंबर टाकत सुटले. एका वडाची झाली अकरा झाडं!

"भाऊ, हाई एकच झाड शे!" नाना ओरडले.

"काका, जमिनीतून वर आलेलं प्रत्येक खोड म्हणजे एक झाड."

"अहो, ते वरून खाली आलंय!"

साहेबांनी मान वर करून बघितलं. "फॉर्ममध्ये तसा कॉलम नाही."

पुढे ऑर्डर आली. सात तोडायची, चार ठेवायची. मधलं मूळ खोड त्या सातांत! वर आम्हालाच ऐकवतात, "चार वाचवली, आभार माना!" संताप येणार नाही तर काय!

*

आम्ही हरकत घेतली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "झाड किती जुनं?"

"शंभराच्या वर असेल," नाना म्हणाले.

"पुरावा?"

नानांनी रिकामे हात पुढे केले. साहेब समजूत घालत म्हणाले, "काळजी करू नका. तोडलं की वर्तुळं मोजू, नक्की वय कळेल!"

मी नानांना हाताला धरून बाहेर आणलं.

*

तोडायच्या दिवशी आम्ही रजा टाकून पारावर बसलो. ठेकेदाराने पेठ तालुक्याकडचे सहा मजूर आणले होते. पण ऑर्डरचा कागद आणणारे इंजिनिअर दुपारपर्यंत उगवलेच नाहीत. मजुरांनी वडाखाली फडकी सोडून नागलीच्या भाकरी खाल्ल्या. नानांनी त्यांना पाणी आणून दिलं.

दोन वाजता कागद आला. "चला, उठा!" ठेकेदार ओरडला.

कुणी हलेना. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने कुऱ्हाड उचलली आणि ठेकेदाराच्या पायाशी नेऊन ठेवली.

"नाय शेठ. याच्या सावलीत भाकर खाल्ली. आता याच्यावर हात नाय टाकायचा."

बाकीच्या पाचही कुऱ्हाडी तिथेच येऊन पडल्या.

ठेकेदार लालबुंद झाला. "उद्या दुसरी माणसं आणतो! आणि त्यांना उन्हातच जेवायला बसवतो!"