हयग्रीवरावांच्या गाडीला कुणी नावं ठेवेना

अग्रहारातले निवृत्त दंतवैद्य हयग्रीवराव दर रविवारी सकाळी आपली २००३ची बीएमडब्ल्यू काढून शहराबाहेर येलवालच्या हॉटेलात जात. जर्मन गाड्यांचे शौकीन तिथे जमत. त्यांचा नियम एकच होता: सगळ्यांच्या किल्ल्या टेबलावर ठेवायच्या, दुसऱ्याची गाडी हुणसूर रस्त्यावर चालवून यायची आणि मगच तिला नावं ठेवायची.

हयग्रीवरावांची किल्ली नेहमी वेंकटरमणच उचलायचा. त्याची दोन दारांची मर्सिडीज होती. परत आला की दोसा यायच्या आत तो कानडी हेलात सुरू व्हायचा, "अय्यो हयग्रीवा, स्टिअरिंग फिरवतोस की इडलीच्या पिठाचा रगडा? मागं बसलं तर गुडघे हनुवटीला लागतात कणो!" मग दुपारपर्यंत दोघांचं भांडण चाले. गेल्या वर्षी वेंकटरमण वारला.

आता टेबलाभोवती हेब्बाळच्या कंपन्यांतली तरुण मंडळी असतात. परवाच्या रविवारी हयग्रीवराव त्यांच्यातल्या नाशिकच्या तेजसची नवीकोरी बीएमडब्ल्यू चालवून आले.

"वेगाला तोड नाही, पण रस्ता हाताला कळत नाही," ते म्हणाले. "आता माझी चालवून बघ."

"नको काका," तेजस म्हणाला. "एवढी जपलीत. काही झालं तर पार्ट मिळायचे नाहीत. फोटो काढतो तिचा."

हयग्रीवरावांनी मग वेंकटरमणची बाजू घेतली. "अरे, तिचं स्टिअरिंग जड आहे. मागं तर पायही मावत नाहीत."

"छे हो काका! क्लासिक आहे ती."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गप्पा पुढच्या गाडीकडे वळल्या. कुणीतरी वाद घालील म्हणून हयग्रीवराव कॉफी निवेपर्यंत थांबले.