ऑर्लाला विचारायचंय

काही माणसांचे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपोआप साठत जातात, फ्रिजच्या दारावरच्या मॅग्नेटसारखे! डब्लिनमध्ये चार मराठी माणसं कोणाच्या घरी पावभाजीला जमली की पहिला अर्धा तास व्हिसा, दुसरा अर्धा तास घरभाडं, आणि मग कोणीतरी मला म्हणतंच, "ए, तुझ्या त्या ऑर्लाचा एखादा सांग ना!"

ऑर्ला म्हणजे माझी साहेब. इथे साहेबालाही एकेरीच हाक मारतात, म्हणून 'ती'च म्हणतो. २०१४ ते २०१९ मी सँडीफोर्डमधल्या एका वर्तमानपत्राचं आयटी सांभाळत होतो. ही बाई वीस वर्षं परदेशात बातमीदार. लढाया, भूकंप, उलथलेली सरकारं, सगळीकडून बातम्या पाठवून झाल्यावर पेपरवाल्यांनी तिला घरी बोलावलं आणि थेट चीफ एक्झिक्युटिव्ह केलं. केबिन मिळाली, गाडी मिळाली, पण प्रश्न विचारायची खोड काही गेली नाही.

*

माझा पहिला दिवस. चहा प्यायचा होता, कप सापडेना. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "कप्स आर इन द प्रेस."

म्हटलं, वर्तमानपत्राचं ऑफिस आहे, असेल यांची पद्धत. कॉरिडॉरमध्ये करड्या केसांची एक बाई भेटली. तिला विचारलं, "प्रेस कुठे आहे?"

"छापखाना? नास गावाच्या पलीकडे. गाडीने पाऊण तास. का?"

"चहाला कप हवा होता."

ती हसली नाही. खिशातून वही काढली आणि म्हणाली, "पुन्हा सांग. कोण, काय, कसं म्हणालं?" सगळं लिहून घेतलं. मग मला किचनमध्ये नेऊन भिंतीतलं कपाट उघडून दाखवलं. आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात!

दुसऱ्या दिवशी त्या कपाटावर चिठ्ठी होती. "प्रेस. छापखाना नव्हे." खाली चीफ एक्झिक्युटिव्हची सही!

*

एकदा फायर अलार्म वाजला. सगळे जिने उतरून पार्किंगमध्ये. डोकी मोजली तर दोन कमी. मार्केटिंगच्या एक बाई आणि ऑर्ला!

अकाउंट्समधला कॉलम नावाचा गृहस्थ आमचा फायर वॉर्डन, म्हणजे आगीच्या वेळी सगळ्यांना बाहेर काढणारा. बिचारा धापा टाकत चौथ्या मजल्यावर गेला. बघतो तर काय, किचनमध्ये धूर, टोस्टरमध्ये कोळसा झालेला ब्रेड, आणि ऑर्ला मार्केटिंगच्या बाईंची मुलाखत घेत उभी. "ब्रेड टाकल्यावर तुम्ही नक्की कुठे गेलात?"

कॉलम ओरडला, "ऑर्ला, अलार्म वाजला की बाहेर पळायचं असतं!"

"सॉरी, कॉलम. वीस वर्षं मला उलटं धावायचा पगार मिळत होता!"

*

नवं ॲप यायचं होतं. डिजिटलचा प्रमुख ब्रायन मीटिंगमध्ये म्हणाला, "निधनवार्ता काढून टाकू. तरुण माणसं त्या वाचत नाहीत."

ऑर्लाने विचारलं, "हे कोण म्हणालं?"

"डॅशबोर्ड." ब्रायनने स्क्रीनवरचे आकडे दाखवले.

"मी त्याला ओळखत नाही. चला."

ब्रायनला आणि मला तिने खाली नेलं आणि लुआसमध्ये, म्हणजे इथल्या ट्राममध्ये, बसवलं. समोर कानात हेडफोन घातलेली कॉलेजची मुलगी होती. ऑर्लाने तिला हेडफोन काढायला लावला. "पेपरात सगळ्यात आधी काय बघतेस?"

मुलगी जरा लाजली. "डेथ नोटिसेस."

ब्रायन खिडकीबाहेर बघायला लागला.

"आजीला बारीक अक्षर दिसत नाही आता," मुलगी म्हणाली. "रोज सकाळी फोन करून गावातलं कोण गेलं ते तिला वाचून दाखवते. मगच ती चहा घेते."

ब्रायन पुढच्या स्टॉपला उतरला. निधनवार्ता ॲपवर राहिल्या, त्याही पहिल्या पानावर. ऑर्ला मात्र ट्राममधून उतरलीच नाही. आजीचं गाव कुठलं, घरी कोण असतं, हे ऐकायचं होतं ना! त्या दिवशीची बोर्ड मीटिंग तिच्याशिवायच झाली.

*

मी एकदा विचारलं, "भीती कुठे जास्त वाटते? तिकडे की इथे?"

"तिकडे निदान कळायचं, कोण कोणावर गोळी झाडतंय. इथे बोर्डात सगळे म्हणतात, 'ग्रँड! सगळं छान!'"

*

हा पुढचा मी पावभाजीच्या वेळी सांगत नाही.

वॉटरफोर्डचं आमचं छोटं ऑफिस बंद करायचं ठरलं. तिथे एकच माणूस, पॅट. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. एचआर म्हणालं, पत्र पाठवू. ऑर्ला म्हणाली, "मी जाते." कॉम्प्युटर परत आणायचा म्हणून मलाही बरोबर घेतलं.

पॅटने चहा केला, ब्राऊन ब्रेड कापला, लोणी पुढे केलं. ऑर्ला विचारत राहिली. हॉस्पिटलच्या बातमीचं काय झालं, बायकोचे गुडघे कसे आहेत, मुलगी कुठे असते. अर्धा तास झाला तरी मुद्द्याचं काही निघेना. मी आपला कपाकडे बघत बसलेलो.

शेवटी पॅटच म्हणाला, "ऑर्ला, तू पहिल्यांदा परदेशी गेलीस तेव्हा मी डब्लिनला डेस्कवर होतो. तुझी बातमी मी फोनवर उतरवून घेतली होती. मागे तोफा वाजत होत्या आणि तू चार वाक्यांत मोकळी झालीस. आज कुठे अडलंय?"

तिने चार वाक्यांत सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मला दारातच कळलं होतं रे. चहाला येताना स्क्रू ड्रायव्हर कोण आणतं?"

सँडीफोर्डला परत येईपर्यंत दोन तास लागले. त्या दोन तासांत ऑर्लाने मला एकही प्रश्न विचारला नाही.

*

२०१९च्या उन्हाळ्यात आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आली. ऑर्लाला हे कळलं आणि तिने स्वतःच स्वतःला आमंत्रण दिलं. "मला तुझ्या आईशी बोलायचंय."

रविवारी दुपारी आली. आईने पोहे केले होते. ऑर्लाने वही उघडली आणि सुरू! विहीर किती खोल होती, शाळेत किती मुली होत्या, लग्नात कोण रडलं. भाषांतर करून करून माझा घसा सुकला.

आई मला म्हणाली, "पोहे थंडे होऊन राह्यले, अन् ही बाई इचारूनच राह्यली! इले सांग, आधी खाय म्हना."

ऑर्लाने दोन घास खाल्ले. मग विचारलं, "विसाव्या वर्षी तुम्हाला काय व्हायचं होतं?"

मी भाषांतर केलं. करता करता लक्षात आलं, चाळीस वर्षांत मी हे आईला कधी विचारलेलंच नाही.

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "मले बातम्या वाचाच्या होत्या. रेडिओवर. आवाजाची परीक्षा देल्ली होती मी. पास झाली होती."

"मग?" मी विचारलं. ऑर्लाच्या आधी मीच विचारलं.

"मंग काय. तुया बाबाचं स्थळ आलं."

ऑर्लाला इंग्रजीत सांगितलं. तिने वही मिटली. टेबलावर आईचा टॅब होता, त्यात मराठी पेपर उघडा. तो तिने दोन्ही हातांनी उचलून आईपुढे धरला.

"अवं, आता कायचं!" आई म्हणाली. पण चष्मा लावला. उभी राहिली. खांदे मागे गेले. घसा खाकरला.

"नमस्कार. आजच्या ठळक बातम्या."

एकेक अक्षर सुटं, स्वच्छ, न घाई न अडखळणं. नागपूरचा मागमूस नाही. चार बातम्या, मग हवामान. ऑर्लाला त्यातला शब्दही कळत नव्हता, पण ती खुर्चीत सरळ बसून ऐकत होती.

वर होमवर्क करत असलेली माझी मुलगी सई अर्धा जिना उतरून आली. कठड्यावरून वाकून, पाठमोऱ्या आजीकडे बोट करत मला हळूच म्हणाली,

"डॅड, हूज दॅट लेडी?"