थंडीतलं पाणी

“बिचारी किती सुकलीत गं! झाडं आणायची हौस आहे पोरीला, पाणी घालायची नाही,” बाल्कनीतून मावशी आईला म्हणाली. मी नुकतीच ऑफिसमधून आले होते, चपलाही काढल्या नव्हत्या.

मागच्या थंडीतही मावशी राहायला आली होती. तेव्हा तिने असंच मायेने रोज पाणी घातलं आणि माझे दोन दुर्मिळ निवडुंग बुडापासून कुजले. मी गुपचूप त्या कुंड्या रिकाम्या केल्या. निवडुंग थंडीत कोरडे ठेवावे लागतात. ते आक्रसतात, सुरकुततात, मेल्यासारखे दिसतात. पण त्या विश्रांतीतूनच उन्हाळ्यातली फुलं येतात. बी रुजवून वाढवलेला माझा एक निवडुंग आत्ता कुठे लिंबाएवढा झालाय. यंदा तो पहिल्यांदा फुलेल, असं वाटतंय.

हल्ली मीही घरी आल्यावर गप्प बसते. मग कोणी चहा पुढे करतं, कोणी ‘काय झालं?’ विचारतं, कोणी एखादं स्थळ सुचवतं. सगळं प्रेमानेच. रागाला नाही म्हणता येतं. प्रेमाला नाही म्हणायला जास्त बळ लागतं, आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्यात उरत नाही.

मावशीने तांब्या नेमका त्या लिंबाएवढ्या निवडुंगावर तिरका केला.

“मावशी, नको!” माझा आवाज मलाच मोठा वाटला. “सुकलेली नाहीत ती, झोपलीत. होळीपर्यंत उठवू नकोस.”